किशोरवयीन मुलांना वंशसंहार, पूर्वग्रह आणि ज्यूद्वेष शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवी ते बारावीच्या मुलांना शिकवणारे शिक्षक आणि त्या वयाच्या मुलांचे आईवडील यांच्यासाठी हे पान आहे. यातले बरेच प्रश्न शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत निघतात, काही थेट वर्गातून येतात. उत्तरं मुख्यतः होलोकॉस्टबद्दल आहेत, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल. या विषयावर शिकवण्याचा अनुभव जगात सर्वांत जास्त जमलाय तो त्याच भोवती.

हा युरोपचा इतिहास. आपल्या मुलांना तो कशाला?

मुलांपर्यंत तो आधीच पोचलाय, फक्त अर्धाच. एनसीईआरटीच्या नववीच्या इतिहासात वर्षानुवर्षं नाझीवादावर अख्खं प्रकरण शिकवलं गेलंय. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी मांडलेलं असतं, मराठीतूनही मिळतं. कडक मास्तरांना आणि शिस्तीच्या वडिलांना मुलं सहज ‘हिटलर’ म्हणतात. २००६ साली खारघरला हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट उघडलं होतं; ज्यू समाजाने निषेध केल्यावर ते नाव बदललं गेलं.

शिस्त, भाषणं, हरलेल्या देशाला पुन्हा उभं करणारा नेता, एवढा हिटलर मुलांना ठाऊक असतो. त्याच्या राज्यात ६० लाख ज्यू मारले गेले आणि त्यांत सुमारे १५ लाख मुलं होती, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. शाळेने न शिकवल्याने मुलं या विषयापासून दूर राहत नाहीत. ती तो रील्समधून शिकतात.

कोणत्या वयापासून शिकवावं?

होलोकॉस्टचा सविस्तर इतिहास साधारण तेरा-चौदाव्या वर्षापासून. त्याआधी पूर्वग्रह, चिडवणं, एखाद्याला गटाबाहेर टाकणं यांवर जरूर बोलावं, पण छळछावण्यांपर्यंत जाऊ नये. पाचवीतल्या मुलाच्या हाती भीतीशिवाय काही लागत नाही.

सुरुवात कुठून करायची? ऑशविट्झपासून?

नाही. ऑशविट्झ ही नाझींची सर्वांत मोठी संहारछावणी. तिथून सुरुवात केली की मुलांच्या मनात ज्यू म्हणजे प्रेतांचा ढीग एवढंच चित्र बसतं. आधी ही माणसं जगत कशी होती ते सांगा. १९३३ साली जर्मनीत सुमारे सव्वापाच लाख ज्यू होते, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. मुलांना हे ऐकून धक्का बसतो, ‘एवढे थोडे? मग त्यांची भीती कसली?’ असं कुणीतरी विचारतंच. तास तिथून सुरू होऊ द्या.

या वयाच्या मुलांना खेळाडू लवकर जवळचे वाटतात. व्हिएन्नात ‘हाकोआ’ नावाचा ज्यू क्रीडासंघ होता, त्याच्या फुटबॉल चमूने १९२५ साली ऑस्ट्रियाची लीग जिंकली. ग्रेटेल बर्गमान ही जर्मन ज्यू मुलगी उंच उडी मारायची. जून १९३६ मध्ये तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी केली. अमेरिकेने बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार टाकू नये म्हणून तिला तोवर चमूत ठेवलं होतं. अमेरिकन खेळाडूंची बोट निघाली आणि मग तिला वगळल्याचं पत्र आलं. जर्मनीने तिची जागा रिकामी ठेवली, पण तिला खेळू दिलं नाही. आंतरशालेय स्पर्धेच्या संघातून कधी नाव कापलं गेलेल्या मुलीला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

त्यानंतर हुकूम सांगा, एकेक करून, तारखांनिशी. एप्रिल १९३३: ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, त्याच महिन्यात ज्यू शिक्षक, न्यायाधीश, कारकून सरकारी नोकरीतून बाहेर, शाळा-कॉलेजांत नव्याने घ्यायच्या ज्यू विद्यार्थ्यांना दीड टक्क्याची मर्यादा. सप्टेंबर १९३५: न्यूरेंबर्गचे कायदे, ज्यूंचं नागरिकत्व गेलं, ज्यू आणि ‘जर्मन’ रक्ताच्या माणसांमधलं लग्न गुन्हा ठरलं. ऑगस्ट १९३८: ज्यांचं नाव ‘ज्यू’ वाटत नाही त्या पुरुषांनी नावापुढे इस्राएल आणि बायकांनी सारा लावायचं. ९-१० नोव्हेंबर १९३८: देशभर सिनेगॉगांची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांची, जाळपोळ. त्यानंतर आठवडाही झाला नाही तोच उरलेली ज्यू मुलं जर्मन शाळांतून काढली. सप्टेंबर १९३९: घरातले रेडिओ जमा करा. सप्टेंबर १९४१: कपड्यांवर पिवळा तारा शिवा. फेब्रुवारी १९४२: कुत्रं, मांजर, पक्षी पाळायला बंदी.

माझं मत विचाराल तर या विषयाला सहा तासिका मिळाल्या तर त्यांतल्या तीन इथे खर्च कराव्यात. प्रत्येक हुकमाखाली मुलांना एकच प्रश्न लिहायला सांगा: हे प्रत्यक्षात कोणी केलं? हजेरीपटावरून नाव कोणत्या मुख्याध्यापकाने खोडलं? जमा झालेल्या रेडिओंची यादी कोणी केली? पुढे माणसं छावण्यांकडे पाठवली गेली तेव्हा जर्मन रेल्वेने माणशी तिसऱ्या वर्गाचं एकेरी भाडं लावलं. दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चार वर्षांखालच्यांना फुकट. ते बिल कुणीतरी टेबलाशी बसून केलं होतं. गॅस चेंबर समजून घ्यायला राक्षसाची कल्पना करावी लागते असं मुलांना वाटतं, पण हजेरीपट आणि तिकीट त्यांच्या रोजच्या जगातलं असतं.

हिटलर वेडा होता, एवढं सांगून चालणार नाही का?

एका माणसाच्या वेडाने ६० लाख माणसं मरत नाहीत. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या वानझे या उपनगरातल्या एका बंगल्यात पंधरा अधिकारी जमले आणि युरोपभरच्या ज्यूंच्या संहारात कोणत्या खात्याने काय करायचं ते त्यांनी ठरवलं. बैठक साधारण दीड तास चालली. पंधरापैकी आठ जणांकडे डॉक्टरेट होती. ‘शिकलेली माणसं असं करणार नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं. वानझेची माहिती दिल्यावर मुलं ते वाक्य पुन्हा म्हणत नाहीत.

दुसरं उदाहरण मोठ्या मुलांसाठी, अकरावी-बारावीच्या. १३ जुलै १९४२, पोलंडमधलं युझेफूफ गाव. हँबुर्गहून आलेली सुमारे पाचशे राखीव पोलिसांची तुकडी, बरेचसे मध्यमवयीन, बायकामुलं असलेले साधे नोकरदार. गावातले सुमारे दीड हजार ज्यू गोळ्या घालून मारायचे आहेत असं कमांडरने सांगितलं आणि ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं अशी मुभाही दिली. त्या क्षणी बाजूला झाले ते जेमतेम डझनभर. त्यांना कसलीही शिक्षा झाली नाही. बाकीचे बाजूला का झाले नाहीत, यावर वर्गात तासभर चर्चा होऊ शकते. भित्रा दिसायची लाज, सोबत्यांवर काम टाकल्याचा अपराधभाव, वर्षानुवर्षं ऐकलेला प्रचार, ही सगळी कारणं मुलं स्वतःहून सांगतात. तुम्ही फार बोलू नका.

ज्यूंचाच एवढा द्वेष का? त्यांनी काहीतरी केलं असेलच ना?

हा प्रश्न आला तर विचारणाऱ्याला गप्प करू नका. पूर्वग्रह असाच बोलतो, म्हणून तो उघड्यावर आलेला बरा.

ज्यूद्वेष नाझींच्या कितीतरी आधीचा आहे. ख्रिस्ताच्या मृत्यूचं खापर ख्रिस्ती युरोपने शतकानुशतकं अख्ख्या ज्यू समाजावर फोडलं. बऱ्याच ठिकाणी त्यांना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघांत प्रवेश नव्हता. चर्चने ख्रिश्चनांना निषिद्ध ठरवलेला व्याजाचा धंदा काहींच्या वाट्याला आला आणि मग ‘ज्यू म्हणजे लोभी सावकार’ अशी शिवी तयार झाली. मार्ग बंद करायचे आणि उरलेल्या एका मार्गाने गेला म्हणून दोष द्यायचा, ही रीत मुलांच्या नीट लक्षात आणून द्या. १३४८-४९ मध्ये प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली. फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गात शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. इंग्लंडने १२९० साली आणि स्पेनने १४९२ साली त्यांना देशाबाहेर काढलं. एकोणिसाव्या शतकात या जुन्या धार्मिक द्वेषाला ‘वंशा’चं शास्त्रीय वाटणारं रूप मिळालं. आधी निदान धर्म बदलून जीव वाचण्याची शक्यता असायची. रक्तच दोषी ठरवल्यावर तीही संपली.

१९०३ साली रशियात एक दस्तऐवज छापला गेला: जगावर ताबा मिळवण्याचा ज्यूंचा म्हणे गुप्त कट. तो धडधडीत बनावट असल्याचं लंडनच्या ‘टाइम्स’ने १९२१ मध्ये सिद्ध केलं. तरी नाझींनी तो वापरला, आणि ‘सगळ्या बँका, सगळी माध्यमं त्यांच्याच हातात’ या थाटाचे फॉरवर्ड आज आपल्या फोनवर येतात ते त्याचंच पिल्लू आहे.

हे लोण गोव्यातही पोचलं होतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्याचं घराणं जबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंपैकी. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जाळलं आणि १५८० मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली. गोव्यातल्या शाळांनी तर सुरुवात इथूनच करावी. पणजीतल्या बागेला त्याचं नाव दिलेलं आहे, मुलांना तिथे नेता येईल.

आमच्या मुलांनी ज्यू माणूस कधी पाहिलेलाच नाही.

कदाचित पाहिला असेल, ओळखला नसेल. अलिबाग, नवगाव, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्राएल समाज शतकानुशतकं राहिला, मराठी बोलला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, चेऊलकर, पेणकर अशी त्यांची आडनावं. मुंबईत या समाजाचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली उभं राहिलं. पुण्यातलं लाल देऊळ येता-जाता सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ते बगदादी ज्यूंचं. परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते हाफकिन ओडेसाचे ज्यू. मुंबईत प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पहाटे आकाशवाणी सुरू होताना लागणारी धून वाल्टर काउफमान यांची मानली जाते. ते कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार, १९३४ मध्ये मुंबईत आले आणि युरोपातली परिस्थिती बिघडत गेली तसे इथेच राहिले. आजी-आजोबांना घरी विचारून या, म्हणून सांगा. धून लगेच गुणगुणतील.

आपल्या भूमीवर ज्यूंचा छळ झाला नाही, असं बेने इस्राएल मंडळी स्वतः आवर्जून सांगतात. त्याचा अभिमान मुलांना वाटू द्यावा. पण २००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहशतवाद्यांनी कुलाब्याचं नरिमन हाउस हे ज्यूंचं केंद्र मुद्दाम शोधून काढलं होतं, हेही सांगावं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या ज्यूपणावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली, लग्नांत अडथळे आणले. त्यासाठी या मराठी माणसांना जेरुसलेममध्ये ठिय्या द्यावा लागला, तेव्हा कुठे १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. ज्यांनी पूर्वग्रह सोसला त्यांच्यातही पूर्वग्रह असू शकतो, हे मुलांना कळलं पाहिजे.

वळिवड्याचे पोलिश लोक ज्यू होते ना?

बहुतेक नव्हते. १९४३ ते १९४८ दरम्यान कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते मुख्यतः कॅथलिक होते आणि त्यांना घरादारातून उपटून सायबेरियाकडे पाठवलं होतं ते सोव्हिएत सत्तेने. कोल्हापूरकरांनी त्यांना सांभाळलं ही मोठी गोष्ट आहे, ती जशी घडली तशीच सांगावी. होलोकॉस्टच्या धड्यात ओढूनताणून बसवू नये.

सुभाषबाबू हिटलरला भेटले होते. मग तो आपला मित्रच नाही का?

भेट झाली, मे १९४२ मध्ये. शत्रूचा शत्रू या हिशेबाने सुभाषबाबू मदत मागायला गेले होते. त्या निर्णयाबद्दल वर्गात दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण हिटलरला हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याबद्दल आस्था नव्हती. आपल्या लोकांच्या स्वातंत्र्यलढ्याची त्याने आत्मचरित्रात हेटाळणी केली आहे आणि हिंदुस्थान दुसऱ्या कोणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा असंही लिहून ठेवलंय. फुटपाथवरून ते पुस्तक विकत घेणाऱ्याला हा भाग दाखवावा.

‘आपण पण आर्यच ना?’ हा त्याचा जोडप्रश्न. नाझींनी रोमा लोकांचाही, ज्यांना जिप्सी म्हणत त्यांचाही, संहार केला. मारले गेलेले किमान दोन-अडीच लाख, काही अंदाजांनुसार पाच लाखांपर्यंत. रोमांचे पूर्वज वायव्य भारतातून गेले, त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली. नाझींच्या आर्यांमध्ये आपल्या भाषाभगिनीला ही जागा होती.

स्वस्तिक पाहून मुलं गोंधळतात.

गोंधळ दोन वाक्यांत मिटतो. आपलं स्वस्तिक हजारो वर्षांचं मंगलचिन्ह आहे, हिंदू, जैन, बौद्ध तिघांचं; नाझींनी १९२० मध्ये पक्षाच्या झेंड्यासाठी तोच आकार उचलला, बहुधा तिरपा आणि काळा. उंबरठ्यावर ते काढताना अपराधी वाटण्याचं कारण नाही. मात्र परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना हेही माहीत हवं की वर्गातल्या ज्यू मैत्रिणीला ते पाहून पणजोबांचं काय झालं ते आठवू शकतं. दिवाळीचा फोटो टाकण्याआधी तिच्याशी दोन शब्द बोललं तर बिघडत काही नाही.

भयानक फोटो, चित्रफिती दाखवाव्यात का?

फार थोड्या, आधी सांगून, आणि ज्याला नको त्याला मान वळवायची मोकळीक देऊन. प्रेतांच्या ढिगाचे फोटो नकोत. मुलं एक तर सुन्न होतात, नाहीतर त्यांना त्याची चटक लागते, आणि दोन्हींतून शिकणं होत नाही. शिवाय त्या काळातले बरेचसे फोटो मारणाऱ्यांनीच काढलेले आहेत. वॉर्सा घेट्टोतला (पोलंडच्या राजधानीत ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतला) हात वर केलेल्या मुलाचा प्रसिद्ध फोटो एसएस या नाझी सशस्त्र दलाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या ‘कामगिरी’च्या अहवालाला जोडला होता. फोटो दाखवाल तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात होता हे अवश्य विचारा.

त्यापेक्षा ज्यूंनी स्वतः मागे ठेवलेलं शोधा. त्याच घेट्टोत इमान्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने साथीदारांसह गुपचूप कागद जमवले: डायऱ्या, शाळेतल्या मुलांचे निबंध, रेशनची कार्डं, पोस्टर. सगळं पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून पुरलं. युद्धानंतर, १९४६ आणि १९५० मध्ये, त्यातला मोठा भाग सापडला. आपण मेलो तरी आपला इतिहास मारणाऱ्यांनी लिहू नये, यासाठीची ही धडपड होती.

वर्गात नाट्यीकरण करावं का? अर्ध्या मुलांना ज्यू आणि अर्ध्यांना नाझी करून?

कृपया करू नका. बाकं सरकवून घेट्टो बनवणं, मुलांच्या अंगावर तारे लावणं, यातून कुणालाही त्या काळाचा अनुभव येत नाही. होतं एवढंच की काही मुलांना सत्ता गाजवायला मजा येते आणि एखाद्या मुलाला, बहुतेक वेळा जो आधीच एकटा असतो त्याला, खरोखर लागतं. १९६८ साली अमेरिकेत जेन एलियट या शिक्षिकेने डोळ्यांच्या रंगावरून वर्ग विभागला होता. मुलं काही तासांत एकमेकांशी क्रूर वागू लागली. तो प्रयोग योग्य होता का यावर अजून वाद आहे. तो प्रयोग मुलांना सांगा, त्यांच्यावर करू नका.

नाटकच हवं असेल तर एक खरीखुरी गोष्ट आहे, आणि ती आपल्या जवळची आहे. यानुश कोर्चाक हे पोलंडमधले डॉक्टर, लेखक, मुलांचे हक्क मानणारे शिक्षक. वॉर्सा घेट्टोत ते सुमारे दोनशे अनाथ मुलांचं घर चालवत होते. १८ जुलै १९४२ ला त्या मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ सादर केलं. आजारी अमल, वैद्याने बाहेर जायची बंदी केलेली, खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी बोलणारा, राजाच्या पत्राची वाट पाहणारा. भिंतीआड कोंडलेल्या मुलांनी भिंतीआड कोंडलेल्या मुलाचं नाटक केलं. चार दिवसांनी घेट्टोतून लोकांना ट्रेब्लिंकाच्या संहारछावणीला नेणं सुरू झालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाकांच्या मुलांची पाळी आली. स्वतःला वाचवण्याची संधी त्यांना मिळाली होती, त्यांनी ती नाकारली आणि ते मुलांबरोबर गेले. कुणीही परत आलं नाही.

‘डाकघर’मधला एक प्रवेश मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि मग तो कुठे, कोणी केला होता ते सांगा. अमल हा अमलच राहतो, कुणाला नाझी व्हावं लागत नाही. नंतर मुलांना थोडा वेळ शांत बसू द्या. तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत हे कधीही सांगू नका. घंटा वाजली की मुलं तशीच बाहेर पडतात आणि दिवसभर ते ओझं बाळगतात.

मुलं हसतात, हिटलरचे मीम दाखवतात. शिक्षा करावी का?

हसणं पुष्कळदा घाबरल्याचं असतं, तेव्हा पहिल्या हसण्यावर रागावू नका. मीमचं वेगळं. ज्याने आणलं त्याला बाजूला घेऊन विचारा की यात गंमत नेमकी कोणाची होते. उत्तर त्याच्याकडे नसतं, कारण तसा विचार त्याने केलेलाच नसतो. वर्गात सगळ्यांसमोर लाज काढलीत तर तो तेच मीम संध्याकाळी ग्रुपवर टाकेल.

‘हे सगळं खोटं आहे, आकडे फुगवलेत’ असं व्हिडिओ दाखवून एखादा म्हणाला तर?

पुरावा कसा तपासतात ते शिकवायची ही उत्तम संधी आहे. नाझींनी स्वतः कागद ठेवले होते. हॉफ्ले नावाच्या एसएस अधिकाऱ्याने जानेवारी १९४३ मध्ये पाठवलेली तार इंग्रजांनी पकडली होती. तिच्यात १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत पोचवलेल्या ज्यूंचा आकडा आहे, १२,७४,१६६. वानझेच्या बैठकीचं इतिवृत्त उपलब्ध आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये पोझेन इथे एसएसचा प्रमुख हिमलर ज्यूंच्या संहाराबद्दल उघड बोलला, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. गुन्हेगारांचे जबाब, वाचलेल्यांच्या साक्षी, युद्धाआधीच्या आणि नंतरच्या जनगणना, सगळं एकाच दिशेला जातं. होलोकॉस्ट नाकारणाऱ्या डेव्हिड अर्विंगने इतिहासकार डेबोरा लिप्स्टाटवर लंडनमध्ये बदनामीचा खटला भरला. एप्रिल २००० मध्ये तो हरला आणि त्याने पुरावे जाणूनबुजून वाकवल्याचं न्यायाधीशांनी निकालपत्रात नोंदवलं. मुलाला ‘गप्प बस’ न म्हणता व्हिडिओतला एक दावा निवडायला सांगा आणि तो सगळ्यांनी मिळून तपासा.

फक्त ज्यूंचंच दुःख का? बाकीचे वंशसंहार?

शिकवावेत. वंशसंहार या गुन्ह्याला कायद्यात जागा मिळाली ती राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलामुळे. आर्मेनियन लोकांच्या १९१५ च्या हत्याकांडाने ते तरुणपणीच अस्वस्थ झाले होते, आणि होलोकॉस्टमध्ये त्यांचे चाळीसहून अधिक नातेवाईक गेले. संयुक्त राष्ट्रांनी ९ डिसेंबर १९४८ ला करार मंजूर केला. भारताने तो १९५९ मध्ये स्वीकारला. राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गटाला, तो गट आहे म्हणून, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू हा त्या व्याख्येचा गाभा आहे. प्रत्येक दंगल, प्रत्येक युद्ध वंशसंहार नसतं.

दुसरं उदाहरण घ्यायचं तर आफ्रिकेतला रवांडा घ्या. बेल्जियन सत्तेने १९३० च्या दशकात ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी अशी तिथल्या दोन समाजांची नावं छापली. १९९३ मध्ये एक खासगी रेडिओ सुरू झाला: झकास गाणी, विनोद, आणि मधूनमधून तुत्सींना झुरळ म्हणणं. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बरीचशी कोयत्याने, शेजाऱ्यांकडून. रस्त्यावरच्या नाक्यांवर तेच ओळखपत्र मागितलं जाई. संयुक्त राष्ट्रांनी सैन्य वाढवायचं सोडून कमी केलं. जर्मनीतले हुकूम आधी शिकलेली मुलं ओळखपत्र आणि रेडिओ या दोन गोष्टी न सांगता पकडतात. कंबोडिया, स्रेब्रेनित्सा, १९७१ चा पूर्व पाकिस्तान यांवर मुलांचे गट स्वतः काम करू शकतील. दुःखाची स्पर्धा मात्र लावू नये.

मुलं जातीवर आणि हिंदू-मुसलमानांवर येतात. तेव्हा काय करायचं?

येणारच. मला तर वाटतं, ती आली नाहीत तर शिकवण्यात काही राहिलं. आंबेडकरांनी १९४० च्या दशकात नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यतेमागचा विचार यांची तुलना स्वतः केली होती, तेव्हा हा प्रश्न परका नाही. घाबरून ‘तो आपला विषय नाही’ म्हटलंत तर मुलं एवढंच शिकतील की पूर्वग्रह नेहमी दुसऱ्यांच्या देशात असतो.

पण घाईने ‘हे म्हणजे तेच’ असंही म्हणू नये. जात हजारो वर्षांची उतरंड आहे, तिचं काम वेगळ्या रीतीने चालतं. होलोकॉस्ट आधुनिक राज्ययंत्रणेने काही वर्षांत केलेला संहार आहे. साम्य शोधायचं ते सवयींत. आडनाव विचारून जात काढणं, नाव ऐकून भाड्याने घर नाकारणं, एकाच्या गुन्ह्यासाठी अख्खा समाज दोषी धरणं. वर्गातल्या कोणत्याही मुलाला त्याच्या समाजाचा प्रतिनिधी करून ‘तू सांग तुमच्याकडे कसं’ असं विचारू नका. त्याने स्वतः सांगितलं तर ऐका, आणि इतरांनाही ऐकायला लावा.

गाझाबद्दल विचारलं तर?

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये सुमारे बाराशे लोक मारले, शेकडो ओलीस नेले. त्यानंतर इस्राएलच्या कारवाईत गाझात हजारो, हजारो माणसं मेली, त्यांत असंख्य मुलं. दक्षिण आफ्रिकेने आंतरराष्ट्रीय न्यायालयात वंशसंहाराचा दावा दाखल केला, न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिले; हे लिहिताना अंतिम निकाल आलेला नाही. एवढी वस्तुस्थिती सांगून मुलांना बोलू द्या. इस्राएल सरकारवर टीका करणं हा ज्यूद्वेष नव्हे. अनेक ज्यूच ती करतात. पण त्या रागात ‘हिटलर बरोबर होता’ असं कुणी लिहिलं तर तो शुद्ध ज्यूद्वेष आहे, आणि गाझातली मुलं मेली म्हणून कुणी टाळ्या पिटल्या तर तोही तितकाच नीच द्वेष आहे. दोन्ही वाक्यं वर्गात एकाच ठामपणे अडवा.

वाचवणाऱ्यांच्या गोष्टी सांगाव्यात का?

सांगाव्यात, प्रमाण राखून. ऑक्टोबर १९४३ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांहून जास्त ज्यूंना मासेमारी बोटींतून स्वीडनला पोचवलं. असं करणारे थोडे होते, हेही त्याच दमात सांगा. सगळा धडा वाचवणाऱ्यांवर संपवला की मुलांना वाटतं आपणही तिथे असतो तर बोटच काढली असती. ज्यूंनी स्वतः केलेला प्रतिकारही विसरू नका: एप्रिल १९४३ मध्ये वॉर्सा घेट्टोतल्या तरुणांनी जेमतेम शस्त्रांवर जर्मन फौजेला जवळजवळ महिनाभर झुंजवलं.

पालकांनी घरी काय करावं?

मुलाला रात्री झोप लागत नसेल तर शिक्षकांना कळवा. बाकी मोठं काम आपल्याच फोनवर आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर काका किंवा मामांनी कुठल्याशा समाजाबद्दल गलिच्छ काही टाकलं आणि आपण हसऱ्या चेहऱ्याची खूण लावली, हे मुलं पाहतात. ‘काका, हे खरं नाही, काढून टाका’ असं मराठीत, आदराने, ग्रुपवरच लिहिता येतं.

मूल्यमापन कसं करायचं?

तारखा आणि आकडे विचारायला हरकत नाही, ते यायलाच हवेत. ‘मी घेट्टोतलं मूल आहे अशी कल्पना करून पत्र लिहा’ हा प्रश्न मात्र देऊ नका. खऱ्या मुलांनी लिहिलेली पत्रं आणि डायऱ्या असताना खोटं पत्र लिहून घेण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एक हुकूम निवडायला सांगा, तो अमलात यायला कोणाकोणाचे हात लागले असतील त्यांची यादी करायला सांगा, आणि त्यांतल्या एकाने नकार दिला असता तर पुढे काय झालं असतं यावर पानभर लिहायला सांगा. पुराव्याला आणि विचाराला गुण द्या, अश्रूंना नको. ज्याने ‘काहीच फरक पडला नसता’ असं लिहून ते नीट पटवून दिलंय, त्यालाही पूर्ण गुण द्या, आणि त्याची वही परत करताना त्याच्याशी बोला.